जुन्या बँकांच्या नोटा 'स्वच्छ' करू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या वाड्याची आवराआवर निघाली की माळ्यावरच्या ट्रंकेतून एखादा पिवळट कागद बाहेर येतो. वळणदार इंग्रजी अक्षरे, 'बँक ऑफ बॉम्बे' किंवा 'बँक ऑफ बेंगॉल' असे नाव, शाईने केलेली सही. त्याचा फोटो मोबाइलवरून फिरतो, खाली 'इंग्रजांच्या काळातली नोट, किंमत लाखोंच्या घरात' अशी ओळ येते आणि मग घरातली मंडळी तो कागद विकण्याजोगा करायला बसतात. ओल्या फडक्याने पुसतात, इस्त्री फिरवतात, फाटल्या जागी सेलोटेप लावतात आणि शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून आणतात. पावणेदोनशे वर्षे तगलेला कागद एका दिवसात वाया जातो. दिसायला तो छान होतो, पण तो अस्सल आहे हे ठरवण्याचा एकेक पुरावा या चार कामांत पुसला जातो. हे थांबावे म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी हा कागद म्हणजे काय ते पाहू. १ मार्च १८६२ पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात आजच्या अर्थाची सरकारी चलनी नोट नव्हती. नोटा काढत त्या बँका. कलकत्त्यात १८०६ साली 'बँक ऑफ कलकत्ता' निघाली आणि १८०९ मध्ये सनद मिळून ती 'बँक ऑफ बेंगॉल' झाली. मुंबईची 'बँक ऑफ बॉम्बे' १८४०ची, 'बँक ऑफ मद्रास' १८४३ची. या तिघींना इलाखा बँका म्हणत. त्यांत सरकारचे काही भाग होते, बाकीचे भांडवल खासगी भागधारकांचे. याखेरीज मुंबईत १८४२ साली निघालेली 'बँक ऑफ वेस्टर्न इंडिया', जी पुढे ओरिएंटल बँक झाली, आणि १८४५ची 'कमर्शियल बँक ऑफ इंडिया' यांनीही आपापल्या नोटा काढल्या. नोट म्हणजे बँकेने लिहून दिलेली हमी : हा कागद घेऊन येणाऱ्याला मागताक्षणी एवढे रुपये देऊ. ही हमी मुख्यतः त्या शहरात आणि आसपास चाले. लांबच्या पेठेत सराफ बट्टा, म्हणजे रकमेतून काही कपात, घेतल्याशिवाय तिला हात लावत नसे.

१८६१ सालच्या कागदी चलनाच्या कायद्याने बँकांचा हा हक्क काढून घेतला आणि नोटा काढण्याचे काम सरकारकडे आले. सरकारी रोख्यांच्या आधारावर ४ कोटी रुपयांपर्यंतच नोटा काढता येतील, त्यावरच्या प्रत्येक नोटेमागे नाणे किंवा धातू ठेवला पाहिजे, अशी अट होती. हक्काच्या बदल्यात इलाखा बँकांना सरकारी शिल्लक वापरायला मिळाली आणि सुरुवातीची काही वर्षे सरकारी नोटांची व्यवस्थाही त्यांच्याकडेच राहिली. म्हणून १८६२ नंतरही बँकांची नावे नोटांच्या कारभारात दिसतात आणि घोटाळा होतो.

एक समज मात्र खोडून काढायलाच हवा. 'बँक ऑफ बॉम्बे बुडाली म्हणून तिच्या नोटा रद्दी झाल्या' असे सर्रास सांगितले जाते. बँक खरोखरच बुडाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मुंबईच्या कापसाला सोन्याचे भाव आले, बॅकबेच्या भरावाच्या शेअरांवर सट्टा झाला, १८६५ मध्ये तो कोसळला आणि १८६८ मध्ये बँक मोडीत निघाली. त्याच साली ती नव्याने उभीही राहिली. पण तिचा नोटा काढण्याचा हक्क त्याच्या सहा वर्षे आधीच गेला होता. सट्टा कोसळला तेव्हा लोकांच्या हाती होत्या त्या सरकारी नोटा. त्यामुळे या बँकेच्या नावाची आणि १८६५ किंवा १८६७ची तारीख घातलेली नोट कोणी दाखवली, तर शंका घ्यायला तेवढी तारीख पुरे.

ओरिएंटल बँकेच्या बाबतीत मात्र तारखेवरून घाई करू नये. मुंबईत जन्मलेल्या या बँकेने मुख्यालय लंडनला हलवले आणि १८४५ मध्ये हाँगकाँगमधल्या पहिल्या बँकनोटा काढल्या. तिच्या कोलंबो शाखेच्या नोटा तर ती १८८४ मध्ये बंद पडेपर्यंत चालू होत्या, आणि बंद पडल्यावर सिलोनच्या गव्हर्नरांनी त्या नोटांची हमी घेतली. तेव्हा नाव सारखे असले तरी शाखेचे गाव कोणते, हे आधी वाचावे.

चित्रांवरूनही बरेच कळते. बँक ऑफ बेंगॉलच्या सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या होत्या. त्यांत एका सोन्याच्या मोहरेची, म्हणजे १६ सिक्का रुपयांची (सिक्का हा बंगालचा जुना रुपया), नोट होती, तशाच १००, २५०, ५०० रुपयांच्याही होत्या. नंतरच्या नोटांवर धक्क्यावर बसलेली स्त्री आली. ती व्यापाराचे प्रतीक. या नोटा दोन्ही बाजूंनी छापत, आणि पुढच्या बाजूला बँकेचे नाव व रक्कम उर्दू, बंगाली आणि नागरी अशा तीन लिप्यांत असे. शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या स्त्रीची जागा ब्रिटानियाने, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीमूर्तीने, घेतली आणि नकला रोखण्यासाठी गुंतागुंतीची वेलबुट्टी व एकाहून अधिक रंग आले. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईचा टाउन हॉल दिसतो, काहींवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांचे पुतळे. ज्याला हे ताडून पाहायचे असेल त्याने हॉर्निमन सर्कलसमोरच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढाव्यात. तोच हा टाउन हॉल, आणि ते पुतळे आजही तिथे आहेत. मद्रासच्या नोटांवर सर टॉमस मन्रो.

रुपया कोणता लिहिला आहे तेही पाहावे. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, 'कंपनी रुपया' सर्वत्र एकसारखा झाला. बंगालचा सिक्का रुपया त्याहून जड होता. तेव्हा ज्या नोटेवर 'कंपनीज रुपीज' आहे ती १८३५ च्या आधीची असू शकत नाही. उलट १८४० मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या बँकेच्या नावाने सिक्का रुपयांची नोट कोणी विकत असेल, तर ती करणाऱ्याने इतिहास कच्चा वाचला आहे.

महाराष्ट्रातल्या सावकारी घरांच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत, मात्र नोटेपेक्षा दुसरीच गोष्ट सापडण्याचा संभव जास्त, ती म्हणजे हुंडी, अमक्याला एवढे पैसे द्यावेत अशी सावकाराची चिठ्ठी. राणीचे किंवा राजाचे चित्र छापलेला, वर रुपये-आण्यांचा आकडा असलेला मुद्रांक कागद पाहून लोक त्याला नोट समजतात. तो आकडा मुद्रांक शुल्काचा असतो, हुंडीची रक्कम खाली हाताने लिहिलेली असते. दाखवताक्षणी पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरावीक मुदतीनंतर मिळणारी ती मुदती. मूळ हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत निघे ती पेठ, तीही हरवली तर परपेठ, आणि पैसे चुकते होऊन रद्द झालेली हुंडी म्हणजे खोका. त्याच रुमालात कीर्द-खतावणीच्या वह्या असतील, तर हुंडीची नोंद त्यांत शोधावी. हुंडी आणि तिची नोंद दोन्ही एकत्र असतील तर अभ्यासाच्या दृष्टीने तो ठेवा सुट्या नोटेहून मोलाचा. कृपा करून वह्या रद्दीत घालून फक्त 'नोट' बाजूला काढू नका.

आता मूळ मुद्दा. या नोटा आजच्यासारख्या यंत्रातून तयार होऊन बाहेर पडत नसत. छापील मजकुरात क्रमांक, तारीख आणि सह्या बँकेतला माणूस हाताने भरत असे. सुरुवातीच्या नोटांवर पैसे घेणाऱ्याचे नावही. नोट वटून परत आली की ती पुन्हा चालू नये म्हणून सही असलेला भाग कापणे, भोक पाडणे, आडव्या रेघा मारून 'रद्द' असे लिहिणे ही त्या काळच्या बँकांची सर्वसाधारण रीत. म्हणून सहीच्या जागी खिंडार असलेली नोट खराब झालेली समजू नये. तिचे काम पूर्ण झाले, एवढाच त्याचा अर्थ. ते खिंडार मागून कागद चिकटवून बुजवणे म्हणजे शिलालेखातली अक्षरे सिमेंटने भरणे. पाठीवर गुजराती, मोडी किंवा फारसी अक्षरांतले शेरे असतील तर तो कागद कुणाकुणाच्या हातून गेला याचा तेवढाच माग उरलेला असतो. लोक नेमके हेच 'घाण' समजून खोडरबराने घासतात.

मधोमध कापून पुन्हा जोडलेल्या नोटेचेही तसेच. टपालात चोरी होऊ नये म्हणून नोटेचे दोन तुकडे करून एक आधी पाठवायचा, तो पोचल्याचे कळले की दुसरा पाठवायचा, ही सरकारी नोटांच्या काळात रुळलेली पद्धत होती. पोचल्यावर दोन्ही तुकडे मागून कागदाची पट्टी लावून जोडत. अशी नोट हाती आली तर दोन्ही अर्ध्यांवरचा क्रमांक एकच आहे का आणि कापल्याची रेघ एकमेकांत बसते का, एवढे पाहावे. जुनी पट्टी सोडवू नये. ती पट्टी अनेकदा एखाद्या पत्राचा किंवा हिशेबाचा तुकडा असते आणि तिच्यावरची अक्षरे वाचता येतात.

पाणी का लावू नये, याचे कारण शाईत आहे. इंग्रजी सह्या बहुधा हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळाच्या शाईने केलेल्या असतात. ही शाई मुळात आम्लधर्मी. काळी म्हणून लिहिलेली अक्षरे कालांतराने तपकिरी होतात ती याच शाईची. पाणी लागले की तिच्यातले लोहाचे क्षार आणि आम्ल बाजूला पसरतात, अक्षराभोवती तपकिरी वलय धरते आणि काही वर्षांनी कागद त्या वलयावर जळल्यासारखा तुटतो. मोडी शेरे काजळाच्या शाईचे असतील तर अडचण उलटी. काजळ कागदाला खात नाही, पण ते डिंकाने धरून ठेवलेले असते, आणि डिंक पाण्यात सुटतो. एकाच ओल्या फडक्याने सही पसरते आणि मोडी अक्षर निघून जाते.

इस्त्रीचा प्रकार त्याहून वाईट. खोदीव प्लेटवरून छापताना ओलसर कागद प्लेटवर जोराने दाबतात, कागद खाचांत शिरून शाई उचलतो, आणि छपाईच्या रेघा पृष्ठभागावर किंचित उठून राहतात. कडेला प्लेटची दाबखूणही उमटते. नोट अस्सल आहे हे ओळखण्याची ही सर्वांत मोठी खूण. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या पातळीवरून आडवा धरला की या रेघांच्या सावल्या दिसतात. गरम इस्त्रीखाली हा उठाव चेपतो. म्हणजे नोट खरी असली तरी नकलेसारखी सपाट होते, आणि मग जाणकार गिऱ्हाईक तिला नक्कल समजून बाजूला ठेवते.

सेलोटेपचा गोंद पाच-दहा वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, प्लॅस्टिकची पट्टी गळून पडते आणि मागे तेलकट डाग उरतो. आधीच लागलेली टेप ओढून काढू नये, तिच्याबरोबर कागदाचा वरचा थर येतो. लॅमिनेशनबद्दल काय सांगावे? त्यात उष्णता आहे, गोंद आहे, आणि ते उलटवता येत नाही. जलचिन्ह, उठाव, कागदाचा पोत, यांतले काहीच त्यानंतर तपासता येत नाही. अल्बमसाठी मिळणारे मऊ, नव्या रेक्झिनचा वास येणारे पीव्हीसीचे पाकीटही टाळावे. त्यातले मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर येऊन पाकीट चिकट होते आणि शाई उचलते.

मग करावे काय? हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नोट घडी घातलेली असेल आणि उलगडताना कुरकुर आवाज येत असेल तर तिथेच थांबा. सपाट असेल तर फ्लॅटबेड स्कॅनरवर दोन्ही बाजू ६०० डीपीआयने घ्या, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. मग मागून प्रकाश देऊन एक आणि आडव्या प्रकाशात एक फोटो काढा. यानंतर ती आम्लमुक्त जाड कागदावर ठेवून स्वच्छ पॉलिएस्टरच्या, दोन बाजूंनी उघड्या पाकिटात सरकवा. आधाराचा कागद नोटेपेक्षा चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा हवा, म्हणजे उचलताना कडा हातात येत नाहीत. नोंद करायची ती पाकिटात घालण्यापूर्वी त्या आधाराच्या कागदावर, तीही पेन्सिलने. नोटेवर काहीही लिहू नये.

हवेतला दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम. कोकणात पावसाळ्यात तो सहज ८० च्या पुढे जातो आणि कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, पण ती कागदाला टेकू देऊ नका, आणि रंग बदलला की बदला. डबा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर नको. डांबराच्या गोळ्या पाकिटाशेजारी टाकून वर्षभर विसरण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी डबा उघडून कसर लागली आहे का ते पाहणे केव्हाही चांगले. आणखी एक विनंती, मनापासून. लक्ष्मीपूजनाला जुन्या नोटा पाटावर मांडायची अनेक घरांत चाल आहे. ती जरूर पाळावी, पण नोट पाकिटातच असू द्यावी आणि हळदकुंकू पाकिटावर वाहावे. हळद कागदाच्या तंतूत एकदा शिरली की डाग राहतोच.

फाटलेली नोट दुरुस्त करायचीच असेल तर ते काम कागद-संवर्धकाचे. तो पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतो. ही खळ उद्या सोडवता येते.

खरे-खोटे पाहण्यासाठी तीन साधी साधने पुरतात. टॉर्चचे वर आलेच. दुसरे, दहापट मोठे दाखवणारे भिंग. खोदीव छपाईत रेघ सलग दिसते, आधुनिक रंगीत छपाईत तीच रेघ ठिपक्यांची बनलेली दिसते. तिसरे, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कागद सुती-तागी चिंध्यांचा, तो या प्रकाशात मंद राहतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बहुतेक पांढऱ्या कागदात उजळपणा आणणारी रसायने असतात, तो निळसर पांढरा चमकतो. इथेही एक खाच आहे. अस्सल जुनी नोट कोणी कपड्यांच्या पावडरीने धुतली असेल तर तीही चमकते, कारण तीच रसायने पावडरीत असतात. म्हणजे धुण्याने हाही पुरावा गेला. दिवा काही सेकंदच लावावा, त्याने शाई फिकी पडते.

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडक्यात. तिथे नोटा काढण्याचा हक्क १९०६ पासून लिस्बनच्या 'बांको नासिओनाल उल्त्रामारिनो'कडे होता. १८६४ साली स्थापन झालेली ही बँक. एक रुपिया म्हणजे १६ टांगा, म्हणजे ९६० रेइस. १ जानेवारी १९५९ पासून एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने चलन बदलले. या नोटा १९०६ च्या पुढच्या, म्हणून बँक ऑफ बॉम्बेच्या पंक्तीला बसवून त्यांचे भाव सांगू नयेत. गोव्यातल्या दमट हवेत त्यांची निगा मात्र वर सांगितली तशीच घ्यावी.

राहिला भाव. चित्र पाहून फोनवर भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि 'विक्रीची परवानगी', 'कर' किंवा 'कमिशन' म्हणून आधी पैसे मागणाऱ्यावर तर मुळीच नको. जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्कही घेत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत, त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला टपालाने नोट पाठवण्याच्या फंदात पडू नये. ओळख पटवायची तर नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, आणि फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात अशा नोटा नजरेखालून घालता येतात.

आपल्या वृत्तपत्राला एक आग्रहाची विनंती. अशा सापडलेल्या कागदाची बातमी छापताना किमतीचा अंदाज देऊ नये. त्याऐवजी नोटेवरचे बँकेचे नाव, गाव, तारीख, क्रमांक आणि पाठीवर काही लिहिले आहे का, एवढे पाच तपशील छापावेत, आणि छायाचित्र दोन्ही बाजूंचे द्यावे. पाठीवरचे दोन मोडी शब्द वाचू शकणारा वाचक आपल्याच वाचकांत असतो.

कळावे,

जुन्या कागदी चलनाचा एक अभ्यासक,
सातारा